सेवक-नेतृत्व (ख्रिस्ती)

सेवक-नेतृत्व (ख्रिस्ती) : हाती आलेला अधिकार स्वतःच्या मानासाठी न वापरता आपल्या देखरेखीखालील माणसांच्या गरजेसाठी वापरण्याची, येशू ख्रिस्ताच्या शिकवणीतून आलेली नेतृत्वाची रीत. यात पद नाकारलेले नसते. फादर फादरच राहतात, पाळक पाळकच राहतो, समितीचा अध्यक्ष सभा चालवतोच; बदलते ती अधिकाराची दिशा. ‘लीनपणे वागणे’ एवढाच अर्थ घेतला तर संकल्पना अर्धी होते, कारण माणूस स्वभावाने लीन असतो आणि हिशेबाची वही तरीही कुलपात राहते. म्हणून ही रीत स्वभावापेक्षा व्यवहारात तपासावी लागते.

कोकण किनाऱ्यावर, म्हणजे वसई–पालघरपासून मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ते गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांत, या रीतीची गाठ मानपानाशी पडते. पहिला नारळ कोणाचा, मिरवणुकीत पुढे कोण, पंगतीत वरची जागा कोणाची, यावरून कोकणातल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आले आहेत, आणि धर्म बदलला म्हणून हे वाद मागे राहिले नाहीत. मेजवानीत वरची जागा धरू नका, शेवटच्या जागी जाऊन बसा, हा लूकच्या शुभवर्तमानातील (14:7–11) दाखला इथल्या वाचकाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

बायबलमधील आधार

मुख्य उतारा मार्क 10:35–45 हा. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान, दोघेही मासेमारी करणारे, येशूच्या राज्यात उजवी-डावी जागा मागतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही मागणी त्यांची आई करते. बाकीचे दहा शिष्य रागावतात. ते अधिक नम्र होते म्हणून नव्हे, जागा आपल्या हातून जातील म्हणून, असेच पुढच्या उत्तरावरून दिसते. परराष्ट्रीयांचे अधिपती प्रजेवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे; ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सेवक व्हावे आणि ज्याला पहिले व्हायचे आहे त्याने सर्वांचा दास व्हावे, असे येशू दहांना आणि दोघांनाही एकत्र बोलावून सांगतो.

इथे दोन ग्रीक शब्द आहेत. ‘दियाकोनोस’ म्हणजे हाताखाली काम करणारा. मेजवानीत ताटे वाढणाऱ्यालाही हाच शब्द लागू होता. कोकणी लग्नाच्या पंगतीतला वाढपी म्हटले की अर्थ नेमका लागतो. ‘दूलोस’ म्हणजे गुलाम, मालकाची मालमत्ता. मराठी भाषांतरांत त्यासाठी ‘दास’ येतो आणि तिथेच थोडी फसगत होते. आपल्याकडे ‘दास’ला भक्तीचे तेज आहे, संतांच्या नावात तो मिरवतो. पहिल्या शतकातील श्रोत्याला मात्र तो शब्द ऐकून लाजच वाटली असणार. ‘सेवक’ही आता सरकारी कचेरीत आणि निवडणुकीच्या फलकावर झिजला आहे. अर्थाची धार परत आणायची तर ‘वाढपी’ हाच शब्द बरा.

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचे वर्णन नाही. त्या जागी पाय धुण्याचा प्रसंग आहे (13:1–17). येशू अंगावरील वस्त्र काढून ठेवतो, कंबरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी नकार देतो. सेवा करून घेणे हे सेवा करण्याइतकेच अवघड असते, हा या प्रसंगातला दुर्लक्षित धागा. त्याच शुभवर्तमानाच्या शेवटी (21:1–17) पुनरुत्थित येशू तलावाकाठी कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजतो, रात्रभर जाळी टाकून आलेल्यांना ‘या, न्याहारी करा’ म्हणतो आणि मगच पेत्रावर मेंढरे पाळण्याची जबाबदारी टाकतो. आधी न्याहारी, मग अधिकार. अर्नाळा, नायगाव, उत्तनच्या कोळीवाड्यांत या उताऱ्यावर प्रवचन सोपे जाते.

कारभाराच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी उतारा प्रेषितांची कृत्ये 6:1–6. यरुशलेममधल्या मंडळीत (ख्रिस्ती समुदायात) रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार येते. प्रेषित, म्हणजे येशूचे प्रमुख शिष्य, तक्रार दडपत नाहीत आणि सगळे काम स्वतःच्या अंगावरही घेत नाहीत. मंडळीला सात जण निवडायला सांगतात. निवडलेल्या सातांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटाची तक्रार होती, वाटपाच्या किल्ल्या बहुधा त्याच गटाकडे गेल्या.

याखेरीज फिलिप्पैकरांस पत्र 2:5–11 (ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले) आणि पेत्राचे पहिले पत्र 5:2–3 (कळपावर धनीपण न गाजवणे) हे उतारे नेहमी घेतले जातात. पहिला ग्रेगरी (पोप, 590–604) स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवत असे. ती उपाधी पोपपदाला आजही आहे. व्यवस्थापनशास्त्रातील ‘सर्व्हंट लीडरशिप’ हा शब्दप्रयोग अमेरिकेतील रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या 1970 च्या निबंधाने रूढ केला. ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, पण त्यांची मांडणी कंपन्या आणि संस्थांसाठी आहे. तीत कर्मचाऱ्याची वाढ हे माप असते. ख्रिस्ती मांडणीत क्रूस मध्यभागी असतो, म्हणजे नेत्याने नुकसान सोसण्याची शक्यता आधीच धरलेली असते.

किनाऱ्यावरील उदाहरणे

वसईचे संत गोन्सालो गार्सिया (मृत्यू 5 फेब्रुवारी 1597, नागासाकी; संतपद 1862) फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघात धर्मगुरू नव्हते, साधे ब्रदर (दीक्षा न झालेले सदस्य) होते. आधी व्यापार केलेला आणि जपानी भाषा येत असलेला हा माणूस संघाचा दुभाषा झाला. ज्याच्यावाचून वरिष्ठांचे बोलणे अडत होते, तो पदाने सर्वांत खालचा होता.

बाणावलीचे संत जोसेफ वाझ (1651–1711) गोव्यातील ऑरेटरी या धर्मगुरूंच्या संघाचे प्रमुखपद सोडून 1687 मध्ये श्रीलंकेत उतरले. डच सत्तेने तिथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातल्यामुळे ते मजुराच्या वेषात होते. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली आणि लोक रोग्यांना सोडून पळाले, तेव्हा त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. 14 जानेवारी 2015 रोजी त्यांना संतपद मिळाले.

प्रोटेस्टंट परंपरेत रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांचा शेवटचा टप्पा पाहण्याजोगा आहे. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ सुरू केला. पगार मिशनचा आणि अधिकारही मिशनचा, या जोडीत भारतीय सेवकाला खरे नेतृत्व करता येत नाही, हा त्यामागचा मुद्दा होता. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या पर्यावरण चळवळीत धर्मग्रामाबाहेरच्या (आपल्या चर्चच्या हद्दीबाहेरच्या) माणसांसाठीही आवाज उठवला. 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

पाय धुण्याचा विधी

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सामध्ये (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) प्रवचनानंतर हा विधी होतो. तो सक्तीचा नाही. बारा जण बसवण्याची प्रथा असली तरी मिस्साग्रंथात आकडा ठरवलेला नाही. 1955 च्या सुधारणेने विधी मिस्सामध्ये आला, पण पुरुषांपुरता; पोप फ्रान्सिस यांच्या जानेवारी 2016 च्या आदेशानंतर स्त्रिया, तरुण, वृद्ध, आजारी अशा कोणालाही बसवता येते.

तयारी साधी असते : दोन बाके, एक रुंद परात, तांब्या, प्रत्येकासाठी वेगळा रुमाल. माणशी पाव लिटर कोमट पाणी धरले तर बारा जणांना 3 लिटर लागते. सांडलवंड धरून 5 लिटर ठेवावे. बाकाखाली गोणपाट अंथरावे, नाहीतर गुळगुळीत लादीवर पुढचा माणूस घसरतो. धर्मगुरू वरचा पोशाख काढतात, कंबरेला रुमाल बांधतात, गुडघे टेकतात. गुडघेदुखी असलेल्यांनी पाट घ्यावा. वाकून दोन थेंब शिंपडण्यापेक्षा ते बरे.

विधी फसतो तो माणसे निवडताना. देणगीदार, माजी अध्यक्ष, फादरांचे शेजारी अशी यादी झाली की पाय धुणे हाही एक मान होतो आणि पुढच्या वर्षी त्यासाठी भांडण लागते. उपाय जुनाच आहे : प्रत्येक विभागातून चिठ्ठी काढावी आणि त्यात सफाईकाम करणारे, परगावाहून आलेले खलाशी, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया धराव्यात. बसणारे बहुतेक जण घरून साबणाने पाय धुऊनच येतात; पेत्राची अडचण अजून सुटलेली नाही.

धर्मग्रामातील कारभार

कॅथलिक धर्मग्रामात 1983 च्या कॅनन लॉप्रमाणे (चर्चच्या कायद्याप्रमाणे) अर्थ परिषद (कलम 537) असावीच लागते. पाळकीय परिषद (कलम 536) बिशप ठरवतील तिथे असते आणि तिचे मत सल्ल्यापुरते असते. म्हणजे शेवटचा शब्द फादरांचा. सेवक-नेतृत्वाची कसोटी इथेच लागते : ज्याला ऐकण्याची सक्ती नाही, तो ऐकतो का? परिषदेचा सल्ला डावलला तर कारण इतिवृत्तात लिहावे, एवढा नियम स्वतःहून पाळणाऱ्या धर्मगुरूच्या सभा लवकर संपतात आणि गावात कुजबुजही कमी होते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या मंडळ्यांत पास्टोरेट कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी समिती, असते. तिथे उलटा धोका असतो, कमिटीच पाळकाची मालक होण्याचा.

पैशाच्या बाबतीत सेवाभाव म्हणजे पद्धत. रविवारचे दान त्याच दिवशी, नात्याने न जोडलेल्या दोघांनी मोजावे, नोटांची फोड वहीत लिहावी, तिसऱ्याने सही करावी. रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत जावी. धनादेशावर दोन सह्या असाव्यात आणि कोरे धनादेश आधी सही करून ठेवू नयेत. महाराष्ट्रात नोंदलेल्या न्यासांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली (1950) हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, पण तो अहवाल धर्मग्रामस्थांच्या वाचनात येतोच असे नाही. चर्चच्या दाराशी एक पान लावायला खर्च येत नाही.

घरभेटींची चांगली शिस्त संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने घालून दिली आहे (स्थापना पॅरिस, 1833). दोघांनी जावे, एकट्याने कधी नाही. सभेत गुप्त झोळी फिरावी, कोणी किती टाकले ते कळू नये. कुटुंबांची नावे बाहेर फुटू नयेत. किनाऱ्यावर या कामाचा मोसम ठरलेला असतो. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत यांत्रिक होडीवर जाणाऱ्यांची कमाई थांबते, आणि जूनमध्ये उधारी चालते तरी जुलैत दुकानदार हात आखडतो. त्यामुळे भेटी जुलैच्या पहिल्या आठवड्यात हव्यात. माणशी दिवसाला 200 ग्रॅम तांदूळ धरले तर पाच जणांच्या घराला महिन्याला 30 किलो लागतात. 5 किलोची पिशवी पाच दिवस पुरते. तिच्यासोबत फोटो काढला की घेणाऱ्याची उरलेली पतही जाते.

कुठे बिघडते

पहिला बिघाड, सगळे स्वतः करणारा नेता. घंटा वाजवणारा, खुर्च्या लावणारा, हिशेब लिहिणारा एकच. लोक कौतुक करतात आणि तो आजारी पडला की नोव्हेनाही (नऊ दिवसांची प्रार्थना) थांबते. कृत्यांच्या सहाव्या अध्यायातले प्रेषित हे ओळखून होते.

दुसरा अधिक घातक : ‘मी तर तुमचा सेवक’ असे म्हणून प्रश्न बंद करणे. सेवकाला जाब कसा विचारायचा, या संकोचात लोक गप्प बसतात. ज्याच्या हातात बदली, शाळेतला प्रवेश किंवा दफनभूमीची परवानगी आहे, त्याने आपल्याकडे सत्ता नसल्याचे भासवणे हा सत्तेचाच एक प्रकार आहे. तक्रार नेत्याला टाळून दुसऱ्या कोणाकडे करता येते का, एवढे पाहिले तरी खरे-खोटे कळते.

तिसरा, सेवेची असमान वाटणी. सणाला भांडी घासणे, चहा, फुलांची आरास स्त्रियांकडे. माईक आणि चाव्या पुरुषांकडे. स्त्रीवादी आणि दलित ख्रिस्ती विचारवंतांनी या संकल्पनेवर घेतलेला आक्षेप इथून निघतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सेवाच करायला लावली त्यांना पुन्हा सेवेचे धडे देणे अन्यायाचे आहे. आक्षेप रास्त आहे, आणि मार्कातला उताराही त्याच बाजूचा दिसतो, कारण तिथले बोलणे जागा मागणाऱ्यांना उद्देशून आहे, पंगतीत आधीच वाढत असलेल्यांना नव्हे.

पायउतार होणे

मुदत सहसा तीन वर्षांची ठरवतात. लागोपाठ दोनपेक्षा जास्त नको. जुन्या अध्यक्षाने एक मुदत समितीबाहेर राहावे, नाहीतर नव्याच्या प्रत्येक निर्णयावर सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. सुपूर्दगीत सहीबदलाचे बँकेचे कागद, इतिवृत्ताची वही, न फेडलेल्या बिलांची यादी, चालू घरभेटींची बंद पाकिटातली नावे आणि चाव्यांचे दोन्ही जुडगे यावेत. दुसरा जुडगा बहुधा जुन्या अध्यक्षाच्या घरी खिळ्याला टांगलेला राहतो. तो आणायला नव्याने जाऊ नये, जुन्याने स्वतः आणून द्यावा.