आधी नंबर, मग मळ

ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहात एक डिझेल इंजिन आहे. १९६० साली कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा त्याच्या अंगावर 'डी ६७००' लिहिलेले होते. १९७४ च्या सुमारास ते ३७११९ झाले, १९८८ मध्ये ३७३५०, आणि पुढे हिरवा रंग चढवून पुन्हा डी ६७००. लोखंड एकच, बारशी तीन. याची वीतभर लांबीची प्रतिकृती टेबलावर घेऊन बसलेला माणूस रंगाच्या बाटलीचे झाकण उघडण्याआधी तीनपैकी कुठला नंबर लावायचा ते ठरवतो. नंबर ठरला की साल ठरते. साल ठरले की नाकावरचे दिवे, छतावरची झाकणे आणि अंगाचा रंग ठरतो. कुठला मळ कुठे साचलेला असणार, तेही मग त्याच ओघात येते.

डीटेलिंग (बारीकसारीक भाग बसवणे), रीनंबरिंग (नंबर बदलणे) आणि वेदरिंग (मळवणे) हे तीन शब्द या छंदात नेहमी एका दमात उच्चारले जातात. त्यांतला मधला शब्द सगळ्यात साधा वाटतो, आणि खरी गुंतागुंत त्यातच आहे. ती समजण्यासाठी ब्रिटिश रेल्वेचा १९५५ ते १९९० हा काळ पाहावा लागतो.

१९५५ च्या आधुनिकीकरण आराखड्यात वाफेची इंजिने हटवायचे ठरले. आधी १७४ इंजिने प्रायोगिक म्हणून मागवून, पारखून, मग मोठी मागणी नोंदवायची असा बेत होता. पारख पूर्ण व्हायच्या आत घाई झाली आणि निरनिराळ्या कारखान्यांची निरनिराळी इंजिने रुळांवर आली. रेल्वेच्या दृष्टीने तो पसारा होता, हौशी माणसासाठी मात्र खजिना. त्यांतली बरीच नावाजलेली इंजिने लँकेशरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बनली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनेही याच फाउंड्रीची. आपल्याकडच्या वाचकाला त्या कारखान्याचे नाव अगदीच परके वाटू नये.

तरीही मॉडेलवाल्यांच्या जगात डिझेलला बराच काळ मान नव्हता. वाफेचे इंजिन म्हणजे कनेक्टिंग रॉड, पितळ, शिट्टी. डिझेल म्हणजे चाकांवरचा रंगवलेला डबा. ११ ऑगस्ट १९६८ ला मुख्य मार्गांवरची वाफेच्या इंजिनाची अखेरची गाडी धावली आणि बऱ्याच जणांनी घरातल्या छोट्या रेल्वेच्या मांडणीचे घड्याळही त्याच सुमारास थांबवले. डिझेलकडे प्रेमाने पाहणारे लोक आले ते पुढच्या पिढीत. ज्यांनी शाळकरी वयात फलाटाच्या टोकाला उभे राहून निळी इंजिनेच पाहिली होती, ते ऐंशीच्या दशकात कमावते झाले आणि दुकानांत काय खपते ते बदलले.

आता नंबरांचे प्रकरण. सुरुवातीला प्रत्येक डिझेलच्या नंबराआधी 'डी' असे. वाफ संपल्यावर 'डी' लावायचे कारण उरले नाही, म्हणून नवा रंग देताना ते गाळू लागले. पण सगळीकडे एकदम नाही. मग सत्तरच्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश रेल्वेने अमेरिकेतल्या सदर्न पॅसिफिक रेल्वेकडून 'टॉप्स' नावाची संगणकी नोंदपद्धत घेतली. कुठला वॅगन, कुठले इंजिन, कुठे उभे आहे, हे छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून संगणकाला कळवायचे, अशी ती व्यवस्था. त्यासाठी इंजिनांना पाच आकडी नंबर दिले गेले: पहिले दोन आकडे वर्गाचे, म्हणजे इंजिनाच्या जातीचे, पुढचे तीन त्या इंजिनाचे. १९७३-७४ मध्ये हा बदल झाला.

कागदावर ही पद्धत सुटसुटीत होती. पण टॉप्समध्ये ००० ला जागा नव्हती, त्यामुळे मालिकेतले पहिलेच इंजिन अडले. डेल्टिक, म्हणजे वर्ग ५५ च्या इंजिनांची मालिका डी ९००० पासून सुरू होत होती. डी ९००१ झाले ५५००१, आणि थोरले डी ९००० गेले पंगतीच्या शेवटी, ५५०२२ म्हणून. वर्ग ४० मधले थोरले डी २०० झाले ४०१२२, कारण डी ३२२ अपघातानंतर आधीच मोडीत निघाले होते आणि त्याची जागा रिकामी होती. १९६३ च्या गाजलेल्या रेल्वे दरोड्यातली टपालगाडी ओढणारे डी ३२६ मात्र सरळ हिशेबाने ४०१२६ झाले.

वर्ग ३७ मध्ये याची गंमत सगळ्यात जास्त. डी ६७०० ते डी ६८१८ या पहिल्या ११९ इंजिनांच्या नाकावर मधोमध दार होते. त्यामुळे गाडीचा सांकेतिक क्रमांक दाखवणारी पेटी दुभागून दाराच्या दोन्ही बाजूंना बसवली होती. डी ६८१९ पासून दार गेले आणि एकच पेटी मध्यभागी आली. नव्या नंबरांत डी ६७०१ झाले ३७००१, आणि असे ३७११८ पर्यंत. आता डी ६७०० ला ३७११९ दिले, तर तो नंबर ज्याच्या वाट्याला येणार होता त्या डी ६८१९ चे काय? त्याला ३७२८३ दिले, कारण डी ६९८३ हे १९६५ च्या अपघातानंतर बाद झाले होते. परिणाम असा की ३७००१ ते ३७११९ पर्यंत सगळी दुभागलेल्या पेटीची आणि त्यापुढची सगळी एका पेटीची. वरवर धांदरट दिसणारी ही अदलाबदल इतकी चपखल आहे की ती करणाऱ्या कारकुनाला मी मनोमन नमस्कार करतो. जुने नंबर वहीत टिपून ठेवणाऱ्यांनी तेव्हा या सगळ्याला नावे ठेवली होती. वर्षानुवर्षे जपलेल्या वह्या एका फटक्यात निरुपयोगी झाल्या हे खरेच आहे. पण मॉडेलवाल्यांचे त्यात भलेच झाले, असे माझे मत आहे.

फक्त 'रीनंबरिंग' हा शब्द तेव्हापासून तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जाऊ लागला आणि तो घोळ आजतागायत आहे. एक अर्थ: दुकानातून आणलेल्या मॉडेलवरचा छापील नंबर पुसून त्याच जातीच्या दुसऱ्या इंजिनाचा नंबर लावणे. दुसरा: तेच इंजिन वेगळ्या सालातले दाखवणे, म्हणजे डी ६७०० चे ३७११९ करणे. तिसरा सगळ्यात फसवा, कारण खऱ्या रेल्वेनेही इंजिने दुरुस्त करून त्यांना नवे नंबर दिले. ऐंशीच्या दशकात क्रू इथल्या कारखान्यात वर्ग ३७ ची मोठी डागडुजी झाली. त्यांतल्या ३१ इंजिनांना डब्यांना वीज पुरवायची सोय करून ३७४०१ ते ३७४३१ असे नंबर दिले. इथे नंबर बदलला म्हणजे आतले यंत्र बदलले, नाक बदलले, वाफेचा बॉयलर गेला. मॉडेलवर नुसते आकडे बदलून अशा इंजिनाचे सोंग उभे राहत नाही. करवत, पुट्टी आणि फाइल लागते. पहिल्या अर्थाने रीनंबरिंग हे संध्याकाळचे काम आहे, तिसऱ्या अर्थाने दोन महिन्यांचे. दोघे जण हा शब्द वापरून तासभर वाद घालतात आणि शेवटी कळते की विषयच वेगवेगळे होते.

साल चुकण्याची सगळ्यात हमखास जागा म्हणजे नाकावरची ती पेटी. गाडीचे सांकेतिक क्रमांक दाखवण्याची प्रथा जानेवारी १९७६ मध्ये बंद झाली. त्यानंतर पेट्यांमध्ये चार शून्ये फिरवून ठेवली गेली आणि पुढे काळ्या पट्टीवर दोन पांढरे ठिपके आले. म्हणजे टॉप्सचा नंबर आणि पेटीत गाडीचा खरा क्रमांक, हे दोन्ही एकत्र दिसण्याचा काळ जेमतेम दोन-अडीच वर्षांचा. प्रदर्शनांत पाहावे तर निम्म्या निळ्या इंजिनांना हा चिमुकला काळ मानवलेला दिसतो!

या सगळ्यातून अलिप्त राहिले ते वर्ग ५२, म्हणजे 'वेस्टर्न'. या ७४ इंजिनांचे नंबर रंगवलेले नव्हते, ओतीव धातूच्या पाट्यांवर होते. शिवाय ती लवकरच बाद व्हायची होती. म्हणून त्यांना टॉप्सचे नंबर लावलेच नाहीत आणि फेब्रुवारी १९७७ मध्ये शेवटची निघून गेली तीही 'डी' मिरवतच. १९७६ नंतर तर त्यांच्या रिकाम्या पेट्यांमध्ये स्वतःचाच नंबर फिरवून ठेवलेला असे. मॉडेलवर मात्र ही पाटी ताप देते. प्लास्टिकमध्ये उठावाने आलेली असेल तर ती ब्लेडने सपाट खरवडून तिथे कोरीव धातूची पाटी चिकटवावी लागते.

छंद म्हणून हे सगळे फोफावले ते लिमा या मॉडेल बनवणाऱ्या इटालियन कंपनीमुळे. व्हिचेन्झाच्या या कंपनीने ब्रिटिश डिझेल इंजिने स्वस्तात आणि भरपूर काढली. एकच साचा, त्यावर निळा, करडा, लाल असे नाना रंग, नाना नंबर. चाकांच्या कडा अवास्तव खोल, मोटर पुरणपोळीसारखी चपटी, चाकांना रबरी कडी, आणि आवाज मिक्सरचा. पण बॉडीचा आकार पुष्कळदा छान जमलेला. किंमत कमी असल्याने बिघडवायची भीती नव्हती, आणि ही भीती नसण्यालाच मी या छंदाचे मूळ मानतो. लोकांनी चाके बदलली, खिडक्यांना पातळ काचा बसवल्या, ओतीव कठड्यांच्या जागी तारेचे कठडे लावले, बफरखालच्या पट्टीवर ब्रेकच्या नळ्या डकवल्या. या कामांसाठी सुटे भाग आणि ट्रान्सफर (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील आकडे-अक्षरे) बनवणारे लहान धंदे उभे राहिले. २००४ मध्ये लिमा बुडाली आणि तिची मालमत्ता हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल कंपनीने घेतली.

नंबर काढण्याची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. कापसाच्या काडीवर एनॅमल थिनरचा एक थेंब घेऊन छापील आकडे भिजवायचे. मिनिटभर थांबायचे. मग लाकडी टूथपिकचे टोक पटाशीसारखे तिरके कापून, अगदी हलक्या हाताने, एकाच दिशेने घासायचे. आकड्यांची पांढरी शाई गोळ्या होऊन निघते. काही जण थिनरऐवजी गाडीच्या ओरखड्यांवर लावायचे पॉलिश वापरतात. त्याला वेळ लागतो, पण खालचा रंग वाचतो. माझ्या पहिल्या इंजिनाला मी थिनर सढळ हाताने लावला आणि केबिनच्या खिडकीखाली रुपयाएवढे चकचकीत टक्कल पाडले. त्या जागेवर तकतकीत वार्निशचा हात, त्यावर पाण्यात भिजवून सरकवलेले ट्रान्सफर, ते रिव्हेटांवर बसावे म्हणून मऊ करणारे द्रावण, आणि शेवटी सगळे एकजीव करणारे मॅट वार्निश. हे शेवटचे काम पुण्यात जुलैत करू नये. दमट हवेत वार्निशवर दुधासारखी साय धरते आणि निळे इंजिन धुक्यातून आल्यासारखे दिसते.

मळवण्याची कला डिझेलपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत जॉन ॲलन यांनी चाळीस-पन्नासच्या दशकांत आपल्या घरच्या मांडणीवरची इंजिने, डबे, घरे सगळेच जुने-मळके दाखवायला सुरुवात केली आणि नव्या कोऱ्या खेळण्याचा थाट मोडला. ब्रिटिश निळ्या डिझेलांनी त्यात भर घातली ती जागेप्रमाणे मळ ओळखण्याची. बोगींवर, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटींवर, तपकिरी पूड असते ती मातीची नव्हे, ओतीव लोखंडाच्या ब्रेक ठोकळ्यांची झीज असते. छतावर धुराड्याभोवती काजळी. धुलाईयंत्राचे ब्रश सपाट बाजूंवरून फिरतात, म्हणून बाजू उजळ आणि दारांच्या खाचा काळ्या. वेल्समध्ये पोर्ट टालबटहून लॅनवर्नकडे लोहखनिज ओढणाऱ्या, एकामागे एक जोडलेल्या वर्ग ३७ च्या तीन-तीन इंजिनांवर तांबूस थर, आणि कॉर्नवॉलच्या चिनी मातीच्या गाड्यांपुढे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे इंजिन. नुसता करडा फवारा मारून 'वेदरिंग केले' म्हणणारे पुष्कळ. तो मळ कुठल्याच गावचा नसतो.

२००० नंतर चित्र पालटले. बाखमन, हेल्यान आणि अलीकडे ॲक्युरास्केल या मॉडेल कंपन्यांनी एकाच वर्गाच्या डझनभर तऱ्हा वेगळ्या काढायला सुरुवात केली: दुभागलेली पेटी, एक पेटी, बुजवलेली पेटी, बॉयलरचे झाकण असलेले-नसलेले छत. तारेचे कठडे कारखान्यातूनच लागून येतात, मळही. यामुळे रीनंबरिंग सोपे होईल असे वाटले होते, झाले उलटे. लिमाच्या ढोबळ बॉडीवर कुठलाही नंबर थोडाबहुत खपून जाई. आजच्या मॉडेलची जाळी न् जाळी एका विशिष्ट इंजिनाची, एका विशिष्ट सालातली असते. त्यावर शेजारच्या इंजिनाचा नंबर लावला की खोटेपणा ताबडतोब उघडा पडतो. वर मॉडेल महाग, आणि ब्लेड लावले की पुनर्विक्रीची किंमत घसरते. नव्या मुलांचा हात थरथरतो यात त्यांचा दोष नाही.

आपल्याकडची डिझेल इंजिने बनवणाऱ्यांपुढे कोडे वेगळेच आहे. ब्रिटनमध्ये इंजिन तेच राहून नंबर बदलला. भारतात नंबर तोच राहून वर्ग बदलला. ३१०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२सी पुढे डब्ल्यूडीएम-३ए म्हणवले जाऊ लागले, कारण नव्या पद्धतीत ३ म्हणजे तीन हजार आणि ए म्हणजे वरचे शंभर. बाजूचा पाच आकडी नंबर हलला नाही, पण वर्गाची अक्षरे बदलली. म्हणजे इथे साल नंबरात शोधायचे नाही, अक्षरांत आणि इंजिन ज्या लोको शेडचे असेल तिच्या रंगसंगतीत शोधायचे. तयार ट्रान्सफर सहसा मिळत नाहीत. घरच्या प्रिंटरवर काढावे तर त्याला पांढरी शाई नसते, म्हणून पांढरी अक्षरे हवी असली की पांढऱ्या कागदावर अक्षराभोवती इंजिनाचाच रंग छापायचा आणि तो मूळ रंगाशी जुळेपर्यंत पाने वाया घालवायची. त्यात १६७६ मिलिमीटरचा आपला ब्रॉडगेज १:८७ प्रमाणात १९.३ मिलिमीटर भरतो आणि बाजारातला रूळ असतो १६.५ चा, त्यामुळे समोरून पाहिले तर इंजिन पाय जुळवून उभे राहिल्यासारखे दिसते. काजळीचा प्रश्न मात्र आपल्याला कधीच पडत नाही. आपल्या या अ‍ॅल्को (अमेरिकन कंपनी) घडणीच्या इंजिनाच्या धुराड्याभोवती काळा रंग कितीही लावा, जास्त होत नाही.