कवेलूचे छप्पर : फेरणी व बदल

विदर्भाच्या ग्रामीण भागात भाजलेल्या मातीच्या कौलाला कवेलू म्हणतात. त्याच्या छपराची दुरुस्ती दोन प्रकारची असते. कवेलू उतरवून, फुटके वगळून पुन्हा रचणे ही फेरणी. ती बहुधा वैशाखात, मृगाआधी उरकतात. आढे (छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड), वासे व कामट्यांसह (बांबूच्या पट्ट्यांसह) सर्व छप्पर नव्याने घालणे हा बदल. यांपैकी कशाची गरज आहे, हे ओळखणे हा प्रस्तुत नोंदीचा विषय होय.

‘कवेलू’ची व्युत्पत्ती निर्विवाद नाही. ‘कौल’प्रमाणेच तो शब्द संस्कृत ‘कपाल’ (खापर) यापासून आला असावा, हे मत ध्वनिदृष्ट्या सयुक्तिक वाटते. मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या हिंदीतही तोच शब्द रूढ असल्याने तो हिंदीतून आला, असेही मानता येईल. मात्र यातील बराच मुलूख 1956 पर्यंत एकाच प्रांतात असल्याने देवाणघेवाणीची दिशा त्यावरून ठरत नाही. वस्तूचा इतिहासही असाच सावधपणे मांडावा लागतो. तेर व नेवासे येथील सातवाहनकालीन थरांत छिद्रे असलेली चपटी कौले मिळाली आहेत. परंतु ती आजच्या अर्धगोल देशी कवेलूची पूर्वज होती, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. देशी कवेलू कुंभार चाकावर नळी काढून, ती उभी दुभागून करतो. ‘इंग्रजी कवेलू’ म्हणजे साच्यातले मंगलोरी कौल. त्याचा पहिला कारखाना बाझेल मिशन या स्वित्झर्लंडमधील ख्रिस्ती संस्थेने मंगळूर येथे 1865 मध्ये काढला.

गळती हे छप्पर बदलण्याचे लक्षण नव्हे. माकडांच्या उड्यांनी कवेलू फुटतात, सरकतात. तेवढ्याला फेरणी पुरते. खरी खूण आढ्याच्या रेषेत दिसते. अंगणात लांब उभे राहून पाहावे : रेषा मध्ये दबलेली असेल, तर लाकूड थकले आहे. दबलेल्या जागी उतार कमी होतो, पाणी सांध्यांतून उलटे आत शिरते आणि फेरणी केली तरी पुढच्या पावसाळ्यात तिथेच गळते. कवेलू बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर ते ठेवावे. बद्द वाजणारे चिरलेले किंवा कच्चे भाजलेले असते. कच्चे कवेलू पाणी पिऊन जड होते व तो भार वाशांवर पडतो.

लाकडाची तपासणी भिंतीत रोवलेल्या टोकांपासून करावी, कारण ओल तिथे आधी धरते. विळ्याचे टोक सहज रुतले तर आतला गाभा गेला आहे. भिंतीवर चढलेल्या मातीच्या नळ्या उधईच्या (वाळवीच्या). खाली रोज सांडणारा पिवळसर भुगा बांबू पोखरणाऱ्या भुंग्याचा. बांबू अंधाऱ्या पक्षात तोडल्यास कीड लागत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. भुंगा बांबूतील पिष्टावर जगतो आणि त्याचे प्रमाण ऋतूनुसार बदलते. म्हणून तिथीपेक्षा तोडणीचा हंगाम व नंतर काही आठवडे पाण्यात भिजवणे निर्णायक, हे मत अधिक ग्राह्य दिसते. सागाच्या गाभ्याला उधई सहसा लागत नाही. बाहेरच्या पांढुरक्या भागाला मात्र लागते, त्यामुळे स्वस्त सागवानाच्या वाशाला सुरक्षित समजू नये.

कमी पावसाच्या पश्चिम विदर्भात धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरे आढळतात. त्यांत दरवर्षी जुन्या मातीवर नवी पांढरी माती टाकली जाते आणि वजन नकळत वाढत राहते. तुळई वाकली किंवा भिंतीच्या माथ्याशी ताजी भेग पडली, तर माती आणखी न टाकता आधी खरवडून काढावी. झडीत अशा खोलीत निजू नये.

टिनाच्या छपरात गंज प्रथम खिळ्यांच्या भोकांशी व पत्र्यांच्या जोडांत धरतो. खिळा पन्हाळीच्या उंचवट्यावर असावा. (पहा : धाब्याचे घर).