नळी तीच, बिल वेगळं: मेडिकेअरमधली स्क्रीनिंग आणि डायग्नोस्टिक कोलोनोस्कोपी

अमेरिकेत मुलांकडे कायमचं राहायला गेलेल्या आपल्या ज्येष्ठ मंडळींत कोलोनोस्कोपीचा, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून तपासण्याचा, विषय निघाला की दोन ठाम मतं ऐकू येतात. एक काका सांगतात, 'मेडिकेअरमध्ये (म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठीच्या अमेरिकी सरकारी आरोग्य विम्यात) ती फुकट होते.' दुसरे म्हणतात, 'कसली फुकट! मला चांगलं बिल आलं.' दोघंही खरंच सांगत असतात. आदल्या दिवसाचं ते पोट साफ करणारं औषध, गुंगी, कॅमेऱ्याची लवचिक नळी, डॉक्टर, सगळं दोघांना सारखंच असतं. मग पैसे कशावरून ठरतात? तर मुळात तुम्ही तिथे का गेलात, यावरून.

काहीही त्रास नाही, केवळ वय झालं म्हणून मोठ्या आतड्याचा कॅन्सर वेळेआधी हुडकायला गेलात, तर ती स्क्रीनिंग. मेडिकेअरचा 'पार्ट बी' हा डॉक्टर आणि तपासण्यांच्या खर्चाचा भाग सर्वसाधारण जोखीम असलेल्यांना दर १० वर्षांनी एकदा आणि घरात कुणाला हा कॅन्सर होता किंवा स्वतःला आधी पॉलिप सापडले होते अशांना दर २ वर्षांनी एकदा तिचा खर्च देतो. डॉक्टर मेडिकेअरचा ठरलेला दर मान्य करणारे असतील, तर तुमच्या खिशातून शून्य डॉलर.

शौचातून रक्त जातंय, हिमोग्लोबिन उगाच उतरलंय, वजन घटतंय म्हणून डॉक्टरांनी पाठवलं, तर ती डायग्नोस्टिक. इथे आधी पार्ट बीचं वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी दरवर्षी स्वतः भरायची रक्कम, भरायचं (२०२५ साली ते २५७ डॉलर होतं) आणि वर मेडिकेअरनं मंजूर केलेल्या रकमेच्या २० टक्के.

इथवर सरळ आहे. घोळ होतो तो मधल्या प्रकारात. माणूस धडधाकट, स्क्रीनिंगलाच आलेला, आणि आत पॉलिप दिसतो. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ. त्यातल्या काही प्रकारांचा पुढे काही वर्षांत कॅन्सर होऊ शकतो. डॉक्टर त्याच नळीतून तारेचा बारीक फास आत सोडतात, गाठीच्या देठाभोवती आवळतात आणि ती कापून बाहेर काढतात. कॅन्सर टळतो तो याच कापण्यामुळे. पण मेडिकेअरच्या हिशेबात याच क्षणी स्क्रीनिंगचं रूपांतर उपचारात होतं. रुग्ण गुंगीत असतो आणि बिलाची जात बदललेली असते.

ओबामांच्या काळातल्या २०१० च्या आरोग्य कायद्यानं अशा प्रतिबंधक तपासण्यांवरचा रुग्णाचा वाटा २०११ पासून काढून टाकला. पॉलिप निघाला तर डिडक्टिबलही माफ झालं, पण २० टक्क्यांचा वाटा तसाच राहिला. गंमत म्हणजे खासगी विमा कंपन्यांना सरकारनं २०१३ मध्येच बजावलं होतं, की पॉलिप काढणं हा स्क्रीनिंगचाच भाग आहे, त्याचे वेगळे पैसे घेऊ नका. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी फुकट असलेली गोष्ट पासष्टी ओलांडली की विकत. ज्या वयात हा कॅन्सर जास्त होतो, त्याच वयात! तपासणीनं आपलं काम चोख केलं म्हणून रुग्णाला दंड, याला दुसरं काय म्हणणार?

डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या कायद्यानं हे दुरुस्त करायला घेतलं, पण हप्त्याहप्त्यानं. २०२३ ते २०२६ रुग्णाचा वाटा १५ टक्के, २०२७ ते २०२९ दहा टक्के, आणि २०३० पासून शून्य. समजा, मंजूर रक्कम १,००० डॉलर धरली, तर २०२६ मध्ये १५० डॉलर आणि पुढच्या वर्षी १००. तपासणी हॉस्पिटलमध्ये झाली तर डॉक्टरांच्या बिलावर १५ टक्के आणि हॉस्पिटलच्या बिलावर पुन्हा १५ टक्के. पूरक मेडिगॅप पॉलिसी असेल तर हा वाटा बहुधा ती उचलते.

दुसरी एक गाठ मात्र एका झटक्यात सुटली. घरच्या घरी शौचाचा नमुना देऊन होणारी चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढची कोलोनोस्कोपी पूर्वी डायग्नोस्टिक धरली जायची. १ जानेवारी २०२३ पासून मेडिकेअर तीही स्क्रीनिंगमध्येच मोजतं. अर्थात तिच्यातही पॉलिप निघाला तर १५ टक्के आहेतच.

म्हणून वेळ घेताना फोनवर दोनच गोष्टी विचारा: 'ऑर्डर स्क्रीनिंग म्हणून लिहिली आहे ना?' आणि 'पॉलिप निघाला तर माझा वाटा किती?' बाबांना मागच्या खेपेला पॉलिप होता, तर तारीख दोन वर्षांच्या आतली नाही ना, हेही बघा. आतली असेल तर स्क्रीनिंगचा लाभ मिळत नाही. ऑर्डर किंवा बिलाचा कोड चुकीचा पडला असेल तर डॉक्टरांच्या कचेरीकडून दुरुस्त करून मागता येतो. खासगी विमा कंपनीमार्फत मिळणाऱ्या 'मेडिकेअर ॲडव्हान्टेज' योजनेत असाल तर डॉक्टर त्या कंपनीच्या नेटवर्कमधला, म्हणजे तिच्याशी करार असलेला हवा, आणि पॉलिपच्या वाट्याचा आकडा त्या कंपनीकडूनच घ्या.

एक सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. 'रक्त जातंय हे सांगू नकोस, म्हणजे फुकटात होईल,' असं सांगणारे भेटतात. रक्त जात असेल तर डॉक्टर तपासणी लवकर लावतात, काय शोधायचं ते त्यांना कळतं. ती डायग्नोस्टिकच असायला हवी, आणि ते २० टक्के देऊन मोकळं व्हावं.