गीताई वेगळी, गीता प्रवचने वेगळी

धुळे-जळगावकडे विनोबांचा विषय निघाला की कुणीतरी अभिमानानं सांगतंच, "गीताई आपल्या धुळ्याच्या जेलमध्ये लिहिली." मग दुसरा भर घालतो, "आणि गीता प्रवचने म्हणजे तिचंच गद्य." दोन्ही चूक. पुस्तक प्रदर्शनात तर हे दोन ग्रंथ जोडीनं बांधून 'मूळ आणि अर्थ' म्हणून खपवलेले पाहिलेत.

गीताई तुम्हाला माहीतच आहे, निम्म्या वाचकांना पाठही असेल, म्हणून थोडक्यात. विनोबांच्या आईला संस्कृत गीता समजत नव्हती, तिला ती मराठीत हवी होती. ती 1918 साली गेली. पुढे 7 ऑक्टोबर 1930 ते 6 फेब्रुवारी 1931 या काळात विनोबांनी वर्ध्याला हा समश्लोकी अनुवाद केला. श्लोकाला श्लोक, 700 ला 700. पुस्तक छापून आलं 1932 साली, आणि त्याच वर्षी विनोबा धुळ्याच्या जेलमध्ये होते. घोटाळ्याचं मूळ बहुधा इथेच आहे.

आता खरी गोम. गीता प्रवचने विनोबांनी लिहिलेली नाहीत, ते बोलले. धुळ्याच्या त्याच जेलमध्ये, 21 फेब्रुवारी 1932 ते 19 जून 1932, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. समोर बसलेले सत्याग्रही कैदी. टेपरेकॉर्डरचा तो काळ नव्हे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली मास्तरकी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी त्या कैद्यांतच होते, आणि त्यांनी हे सगळं ऐकता ऐकता उतरवून घेतलं. म्हणून मुखपृष्ठावर विनोबांचं नाव बरोबरच आहे, पण गुरुजींचा उल्लेख न करता या पुस्तकाबद्दल बोलणं मला तरी कृतघ्नपणा वाटतो. उलट टोकाला जाऊन त्याला 'साने गुरुजींची गीता' म्हणणारेही भेटतात. त्यांनाही हात जोडून सांगतो, विचार विनोबांचाच.

बोललेलं असल्यामुळे त्याची चालच निराळी आहे. मागच्या वेळी काय पाहिलं याची उजळणी होते, मुद्दा फिरून फिरून येतो, मध्येच गोष्ट निघते. पहिला अध्याय शेजारी शेजारी ठेवून बघा. गीताईत अर्जुन जे म्हणतो तेवढंच मराठीत येतं. तो बरोबर की चूक, यावर विनोबा अवाक्षर काढत नाहीत, कारण अनुवादकाचं ते कामच नव्हे. प्रवचनात मात्र ते एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. शेकडो खुन्यांना त्यानं फाशी दिलेली असते. एक दिवस त्याचाच मुलगा आरोपी म्हणून समोर उभा राहतो, आणि साहेबांना एकदम फाशी अमानुष वाटू लागते, सुधारणेची संधी वगैरे आठवते. अर्जुनाचं तसंच झालं, असं विनोबा म्हणतात. त्याला अहिंसा सुचली नव्हती, आपली माणसं आड आली होती. ही गोष्ट गीतेत नाही, गीताईत नाही, फक्त धुळ्याच्या त्या रविवारी आहे. तरीही व्हॉट्सअ‍ॅपवर ती 'गीताई, अध्याय पहिला' असं लिहून फिरते आणि लोक खाली हात जोडतात.

म्हणजे प्रवचने हा गीताईचा अर्थ नव्हे. ओळीला ओळ लावून वाचायला बसलात तर तिसऱ्या पानावर वैतागाल, कारण कित्येक श्लोकांना विनोबा हातही लावत नाहीत. ज्यांना गीताईच्याच शब्दांचा उलगडा हवा त्यांच्यासाठी 'गीताई-चिंतनिका' आणि 'गीताई शब्दार्थ कोश' आहेत. 'स्थितप्रज्ञ-दर्शन' आणखी निराळं: दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या अठरा श्लोकांवर 1944 साली सिवनीच्या जेलमध्ये दिलेली व्याख्यानं. आकार, बांधणी, किंमत यातले फरक दुकानात दिसतीलच.

माझं मत विचाराल तर गीताई पाठ करावी आणि प्रवचने मोठ्यानं वाचावीत, शक्यतो चारजण बसवून. मनातल्या मनात वाचली की ती उगाच लांबण लावलेली वाटतात. दोष वाचण्याच्या पद्धतीचा असतो.

आणि हो, 'श्यामची आई'सुद्धा धुळ्याच्या जेलमधली नाही. ती 1933 ची, नाशिकच्या तुरुंगातली.