मूलबंध म्हणजे केगेल नव्हे

बाळंतपणानंतर खोकताना लघवी सुटणे, ओटीपोट जड वाटणे, अंग बाहेर येणे या तक्रारींवर योगोपचार आणि मालीश एकत्र देणारे वर्ग आता शहरांतून चालतात. ‘आपली प्राचीन परंपरा’ असे तिथे सांगितले जाते. परंपरा आहेच, पण ती एक नाही. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या गोष्टी फार अलीकडे एकत्र आल्या.

घरची वाट सगळ्यांना ठाऊक आहे: मालीशवाल्या बाई, शेकशेगडी, बाळंतशेपा-ओव्याची धुरी, पोटाला पट्टा. चरकसंहितेतही बाळंतिणीच्या पोटाला तूप-तेल चोळून मोठ्या कापडाने ते गुंडाळायला सांगितले आहे, वायूने आत बिघाड करू नये म्हणून. घरच्या मालिशीचा भर मात्र पोट, कंबर आणि पायांवर. लघवी-शौचावर ताबा ठेवणारे, गर्भाशयाला खालून आधार देणारे स्नायू त्यात राहूनच गेले.

योगाची वाट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि सगळा घोळ ‘योनी’ या एका शब्दाभोवती आहे. हठप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ मूलबंध ही क्रिया सांगताना म्हणतो की टाचेने योनी दाबावी, गुद आकुंचित करावे आणि अपान, म्हणजे शरीरात खाली जाणारा वायू, वर ओढावा. आजची वाचक हे वाचून साहजिकच समजते की ही क्रिया बाईसाठीच सांगितली आहे. पण इथे योनी म्हणजे गुद आणि जननेंद्रिय यांच्यामधली जागा, आणि समोर साधक आहे तो पुरुष. आपल्याला हे ताडायला संस्कृतकडे जायचीही गरज नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळबंधाचे मोजमापच दिले आहे: गुद आणि मेंढ्र यांच्यामध्ये चार अंगुळे, दोन्हीकडची दीड-दीड सोडायची, उरलेल्या मधल्या एका अंगुळावर टाच रोवायची. मेंढ्र म्हणजे शिश्न. बाईच्या शरीरात हे अंतरही कमी असते. आयुर्वेदाची योनी आणखी निराळी: सुश्रुत तिला शंखाच्या नाभीसारखी, तीन आवर्तांची म्हणतो आणि तिसऱ्या आवर्तात गर्भाशय ठेवतो. म्हणजे एकाच शब्दाचे दोन जुने अर्थ, आणि आजच्या मराठीतला तिसरा. ते एकमेकांच्या जागी वापरले की ‘हे सारे आपल्या ग्रंथांत होतेच’ असे वाटू लागते. माझ्या मते असे म्हणणे बाईवरच अन्याय करते, कारण तिच्या शरीराचा वेगळा विचार मग कुणी करतच नाही.

तो विचार व्यायामाच्या अंगाने ठळकपणे मांडला गेला तो 1948 मध्ये. अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या या स्नायूंचा जोर दाखवणारे दाबमापक वापरून बायकांकडून व्यायाम करून घेतला. त्याचे नाव व्यायामाला चिकटले, यंत्र मात्र मागे पडले. उरली ती तोंडी सूचना, ‘लघवी रोखल्यासारखे आवळा’. पुढे योगवर्गांनी केगेल म्हणजेच मूलबंध असे समीकरण मांडले. ते मला पटत नाही. मूलबंध कुंभकाबरोबर, म्हणजे श्वास रोखून, धरून ठेवायचा, उद्देश अपान वर नेण्याचा. केगेलमध्ये आवळण्याइतकेच सैल सोडणे महत्त्वाचे. श्वास कोंडून जोर लावला तर पोटातला दाब खाली जातो, आणि अंग आधीच उतरलेले असेल तर नेमके तेच टाळायचे असते.

त्यानंतरची मोठी सुधारणा म्हणजे स्नायू नेहमी सैलच असतात हा समज मोडला. काहींचे ते सतत आवळलेले असतात. संबंधांच्या वेळी दुखते, लघवी अडखळत होते. अशा बाईला आणखी आवळायला लावले तर दुखणे वाढते. तिला हवे असते दीर्घ श्वसन, आधार देऊन केलेले बद्धकोनासन, आणि प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या हातचे, तिच्या संमतीने केलेले मर्दन. पहिल्या बाळंतपणाआधी, साधारण 35व्या आठवड्यापासून केलेल्या योनिद्वाराखालच्या मालिशीने टाके पडण्याचे प्रमाण घटते, हेही अभ्यासांतून पुढे आले.

एप्रिल 2019 मध्ये अमेरिकेतल्या नियामकाने उतरलेल्या अंगासाठी योनीमार्गे बसवल्या जाणाऱ्या जाळीची विक्री थांबवायला लावली. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी व्यायाम करून पाहण्याच्या सल्ल्याला वजन आले. मात्र स्नायू सैल आहेत की आवळलेले, हे तपासल्यावाचून कुठला व्यायाम द्यायचा ते ठरत नाही, आणि एका सतरंजीवर तीस जणींना एकच सूचना देणाऱ्या वर्गात ही तपासणी होत नाही.