सात आठवड्यांच्या खाटेपासून पुढे

सप्टेंबर १९५५. डेन्व्हरला सुट्टीवर असलेले अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर मध्यरात्रीनंतर छातीत दुखून जागे झाले. सकाळी वार्ताहरांना कळलं ते एवढंच, की साहेबांचं पोट बिघडलंय. आपल्याकडे अजूनही ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा चघळतात, त्यातलाच प्रकार. दुपारी ईसीजी काढला आणि हार्ट अटॅक निघाला. त्यानंतर जगातला सर्वांत बलाढ्य माणूस जवळपास सात आठवडे लष्करी इस्पितळात होता. उपचार म्हणजे मॉर्फिन, ऑक्सिजन, रक्त गोठू न देणारं औषध आणि भरपूर विश्रांती. त्या काळात अटॅक येऊन इस्पितळात पोहोचलेल्या दर दहा जणांपैकी साधारण तीन जण तिथेच दगावत.

१९६० च्या दशकात हृदयरुग्णांसाठी वेगळे कक्ष निघाले आणि हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. नवं औषध त्यात काहीच नव्हतं. हृदयाचे ठोके बिघडून ते नुसतं थरथरू लागलं की माणूस काही मिनिटांत जातो. मॉनिटरवर नजर ठेवून वेळेवर विजेचा झटका दिला, तर तोच माणूस उठून बसतो.

मूळ दुखणं मात्र तसंच होतं. रक्ताच्या गुठळीमुळे अटॅक येतो, की अटॅकनंतर गुठळी होते, यावर डॉक्टरांचे वाद चालले होते. १९८० मध्ये अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ मार्कस डीवुड यांनी अटॅक सुरू असतानाच अँजिओग्राफी केली. पहिल्या चार तासांत आलेल्या ८७ टक्के रुग्णांची रक्तवाहिनी पूर्ण बंद सापडली. म्हणजे गुठळी विरघळवा! १९८८ मध्ये आयसिस-२ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषध आणि ॲस्पिरिन दोन्ही दिलेल्यांमध्ये पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू १३.२ वरून ८ टक्क्यांवर आले. आकड्यांचे फार तुकडे पाडले की कसला मूर्खपणा हाती लागतो, हे दाखवायला संशोधकांनी मुद्दाम राशींप्रमाणेही हिशेब छापला : मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिनचा गुण नाही!

पुढचे आकडे वाचताना हा विनोद लक्षात ठेवलेला बरा. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेतल्या वृद्धांमध्ये १९९५ साली अटॅकनंतर ३० दिवसांत २० टक्के दगावत, २०१४ साली १२.४ टक्के. भरती होण्याचं प्रमाणही लाखामागे ९१४ वरून ५६६ वर आलं. पण मधल्या काळात ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी आली आणि पूर्वी निसटून जाणारे बारीक अटॅकही पकडले जाऊ लागले. सौम्य रुग्ण मोजणीत शिरले की मृत्यूची टक्केवारी आपोआप उतरते. त्यासाठी कोणी जास्त बरं व्हायला लागत नाही. उलट, याच तपासणीमुळे अटॅकची संख्या वाढायला हवी होती. ती घटली, यातच खरी बातमी आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासात वाहिनी पूर्ण बंद पडून येणारे मोठे अटॅक १९९९ ते २००८ या काळात लाखामागे १३३ वरून ५० वर आले.

श्रेय कोणाचं? १९८० ते २००० मध्ये अमेरिकेत हृदयविकाराचे जे मृत्यू टळले, त्यांच्या हिशेबात ४४ टक्के वाटा कमी झालेल्या सिगारेटी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशा गोष्टींचा निघाला. ऐन अटॅकच्या वेळच्या इस्पितळातल्या उपचारांचा वाटा सुमारे १० टक्केच. शिवाय ‘इस्पितळात वाचले’ या आकड्यात दारापर्यंत न पोहोचलेले कुठेच नसतात.

भारतातल्या ५० शहरांतल्या २०,९३७ हृदयरुग्णांची ‘क्रिएट’ नावाची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्रास सुरू झाल्यापासून इस्पितळ गाठेपर्यंत निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. गुठळी विरघळवणारं औषध जितकं लवकर तितकं उपयोगी, त्यामुळे हे तास महागात पडतात. ३० दिवसांतले मृत्यू श्रीमंतांमध्ये ५.५ टक्के आणि गरिबांमध्ये ८.२ टक्के होते. वय, मधुमेह, धूम्रपान यांचा हिशेब करूनही ही दरी उरली. मिळालेल्या उपचारांचा फरक हिशेबात धरला, तेव्हा ती बुजली.