वांग्यावरच्या दोन अळ्या : पाने खाणारी आणि मावा खाणारी

वांग्याच्या पानामागे काटेरी अळी दिसली की अनेक जण लगेच कीटकनाशक फवारतात. त्याआधी ती अळी कोणाची आहे हे पाहणे फार आवश्यक आहे, कारण वांग्यावर ढालकिड्यांच्या (लेडीबर्ड) एकाच कुळातील दोन कीटक सर्रास आढळतात. त्यांपैकी हड्डा भुंगेरा पाने खातो, तर नेहमीचा ढालकिडा पानांना तोंडही न लावता मावा ही रस शोषणारी बारीक कीड फस्त करतो.

प्रौढ कीटक ओळखताना ठिपके मोजण्यावर विसंबू नये. हड्डा भुंगेऱ्याच्या पाठीवर 28 ठिपके असतात, पण त्याच्या एका भाईबंदावर 12 असतात. ढालकिड्यांमध्ये सात ठिपक्यांचे, नागमोडी पट्ट्यांचे, तर काही अजिबात ठिपके नसलेलेही असतात. चकाकी हीच अधिक भरवशाची खूण आहे : हड्ड्याच्या तांबूस पाठीवर बारीक लव असल्याने तो निस्तेज दिसतो, तर ढालकिड्याची पाठ गुळगुळीत आणि चकचकीत असते.

अळ्यांमधला फरक त्याहून स्पष्ट आहे. हड्ड्याची अळी पिवळसर, आखूड आणि फुगीर असते, तिच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात आणि ती एकाच पानावर रेंगाळत राहते. ढालकिड्याची अळी लांबट, काळपट करडी, नारिंगी ठिपक्यांची आणि चपळ असते. मुंग्यांची ये-जा आणि चिकटा (माव्याने सोडलेला गोडसर चिकट द्रव) असलेल्या शेंड्यांजवळ, म्हणजे जिथे मावा आहे तिथे, ती फिरताना दिसते. तरीही शंका राहिली तर पान उजेडात धरावे. हड्ड्याची अळी खालच्या बाजूचा हिरवा गर समांतर रेषांमध्ये खरवडते, वरचा पातळ पापुद्रा तसाच राहतो आणि पानाची जाळी होऊन ते तपकिरी पडते. ढालकिड्याच्या अळीमागे असे काहीही उरत नाही. अंडी मात्र दोघांचीही पिवळी आणि उभ्या पुंजक्यात असतात, म्हणून आसपास मावा असेल तर ती काढण्याची घाई करू नये.

हड्डा आवरण्यासाठी घरच्या बागेत हातांनी वेचणे पुरेसे ठरते. सकाळी भुंगेरे सुस्त असताना झाड हलवून ते साबणाच्या पाण्यात पाडावेत आणि अळ्या असलेली पाने खुडावीत. एवढ्याने भागले नाही, तर 50 ग्रॅम निंबोळीची पूड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून तो अर्क संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावा, तोही फक्त लागण झालेल्या झाडावर, कारण निंबोळीचा त्रास ढालकिड्याच्या कोवळ्या अळीलाही होऊ शकतो. अळ्यांसाठी बाजारात सहज मिळणारी बॅसिलस थुरिंजिएन्सिसच्या कुर्स्टाकी प्रकाराची जैविक पूड येथे निरुपयोगी आहे. ती पतंग आणि फुलपाखरांच्या अळ्यांवर चालते, भुंगेऱ्यांच्या नाही. ती बागभर मारली तर हड्डा तसाच राहतो आणि कढीपत्त्यावरची फुलपाखराची अळी मात्र मरते.

सरसकट रासायनिक फवारणीत माव्याबरोबर ढालकिडेही मरतात आणि त्याचा तोटा पुढे दिसतो. माव्याच्या माद्या नराशिवायही थेट पिल्ले देतात, त्यामुळे मावा काही दिवसांत पुन्हा भरतो, तर ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ होण्यास काही आठवडे लागतात.

वेचताना हड्ड्याच्या काही अळ्या तपकिरी, कडक आणि निश्चल झालेल्या आढळतात. त्यांच्या आत इवल्याशा परजीवी गांधीलमाशीची पिल्ले वाढत असतात, म्हणून त्या पानावरच राहू द्याव्यात. बाहेर पडलेल्या गांधीलमाश्या उरलेल्या अळ्यांच्या अंगात अंडी घालतात.